फौजदारी खटला चालू असताना भरपाईचा दावा वेगळा लावावा लागतो का?

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार. माझे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती दोन्ही घरे आजही एकाच विहिरीवरून पाणी नेतात.

सुमारे दीड वर्षापूर्वी, हरभरा घाट्यांवर आला असताना, माझा चुलतभाऊ रात्री जागलीला वावरात गेला होता. रानडुकरांचा कळप शेजारच्या तुरीतून हरभऱ्यात उतरला, त्याला हाकलत तो धुऱ्यापर्यंत (दोन वावरांमधल्या बांधापर्यंत) गेला आणि शेजाऱ्याने बांबूच्या खुंट्यांवरून फिरवलेल्या बाइंडिंगच्या तारेला त्याचा पाय लागला. ती तार झटका मशीनची, म्हणजे नुसता झटका देऊन जनावर हाकलणाऱ्या कुंपणाची, नव्हती. वरून जाणाऱ्या लाइनीवर आकडा टाकून तिच्यात सरळ करंट सोडलेला होता. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या हातातली बॅटरी अजून जळत होती आणि एक चप्पल आमच्या बाजूला, दुसरी तारेपलीकडे पडलेली होती.

त्याचे वय ३८ होते. मागे वहिनी, दोन मुले, काका आणि काकू आहेत. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, गुन्हा नोंदवून दोषारोपपत्र पाठवले आहे. शेजारी जामिनावर सुटला असून सत्र न्यायालयात तारखा चालू आहेत. आता त्याच्याकडून तीन लाख रुपये घेऊन 'आपसी' करून टाका असा निरोप आला आहे. नातेवाइकांचे म्हणणे असे की निकाल लागू द्या, शिक्षा झाली की न्यायालयच पैसे देववील. माझे प्रश्न तीन आहेत. त्याच खटल्यात भरपाई मिळते का? निकालापर्यंत थांबणे योग्य आहे का? आणि तो निर्दोष सुटला तर सगळेच संपते का?

कापूसकोंडी

माझ्या माहितीप्रमाणे एकाच घटनेसाठी दोन केस चालत नाहीत. आधी फौजदारीचा निकाल, मग बाकीचे. थांबावे.

तालुका_वकील

वरचा सल्ला कृपया मानू नये. या एका समजुतीमुळे मी माझ्या वीस वर्षांच्या वकिलीत निदान चार घरांची भरपाई बुडालेली पाहिली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एकाच कृत्यासाठी एकाच माणसावर दोनदा फौजदारी खटला चालत नाही, हे खरे. परंतु इथे एक खटला आहे आणि एक दावा आहे, आणि दोहोंतील पक्षकारच वेगळे आहेत. सत्र न्यायालयात फिर्याद जरी आपल्या काकांनी दिली असली तरी तो खटला राज्य सरकार विरुद्ध आरोपी असा आहे. आपल्या घरचे लोक तिथे साक्षीदार आहेत, खटल्याचे मालक नाहीत. न्यायालयाने परवानगी दिली तर आपला वकील सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो, आणि आरोपी सुटला तर त्याविरुद्ध अपील करण्याचा अधिकारही पीडिताच्या कुटुंबाला आहे, एवढीच त्यातली आपली जागा. दिवाणी दाव्यात मात्र वहिनी, मुले आणि आईवडील हे स्वतः एक बाजू असतात. तिथे शिक्षा मागायची नसते. कमावता माणूस गेल्याने घराचे जे आर्थिक नुकसान झाले, ते ज्याच्या चुकीने झाले त्याने भरून द्यावे, एवढेच मागणे असते.

या दाव्याचा कायदा जुना आहे, १८५५ चा, घातक अपघात अधिनियम. त्यापूर्वी इंग्लंडातून आलेला नियम असा होता की माणूस जखमी झाला तर त्याला दावा करता येतो, पण तो मेला तर त्याच्याबरोबर दावाही मरतो. म्हणजे पाय मोडणाऱ्यापेक्षा जीव घेणारा स्वस्तात सुटत असे. ती विसंगती काढण्यासाठी हा कायदा झाला आणि तो आजही लागू आहे. त्याखाली पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी भरपाई मागता येते. आईवडिलांत आजीआजोबा आणि मुलांत नातवंडे व सावत्र मुलेही धरली आहेत, भाऊ मात्र नाही. आपण चुलतभाऊ आहात, तेव्हा धावपळ अवश्य करावी, पण वादी म्हणून नाव वहिनींचे, मुलांचे आणि काकाकाकूंचे हवे. एका मृत्यूसाठी या कायद्याखाली एकच दावा होतो, म्हणून सासूसुनेने वेगवेगळे वकील धरण्याची घाई करू नये. कोणाला किती वाटा, हे न्यायालय हुकूमनाम्यातच ठरवते.

आता सर्वांत महत्त्वाचे. या दाव्याची मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षे आहे (मुदत अधिनियम १९६३, अनुच्छेद ८२). फौजदारी खटला चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला तर कारण सांगून उशीर माफ करून घेता येतो, दाव्याला ती सोय नाही. आपली दीड वर्षे गेली आहेत, सहा महिने उरले आहेत, आणि सत्र खटला सहा महिन्यांत निकाली निघेल असे आपल्याकडची तारखांची गती पाहता मला वाटत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुराव्याच्या मापात आहे. शिक्षेसाठी गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. दिवाणी न्यायालय दोन्ही बाजूंचा पुरावा तागडीत घालते आणि जे अधिक संभवनीय वाटते त्याप्रमाणे निकाल देते. तार कोणी लावली हे पाहणारा प्रत्यक्ष साक्षीदार नाही, पंच फितूर झाला, एवढ्यावरून आरोपी सुटू शकतो. त्याच कागदांवर दिवाणी न्यायालय असे म्हणू शकते की तार त्याच्या वावरात होती, पीक त्याचे होते, आकडा टाकण्याचे कारणही त्यालाच होते, तेव्हा जबाबदारी त्याची. फौजदारीतील निर्दोष मुक्तता भरपाईच्या दाव्याला बंधनकारक नसते. १९८० च्या एन. के. व्ही. ब्रदर्स प्रकरणात, विजेच्या तारेला बस लागून प्रवासी मेले होते आणि चालक फौजदारीतून सुटला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की शिक्षेला लागणारा निष्काळजीपणा आणि भरपाईला लागणारा निष्काळजीपणा यांची मापे निराळी आहेत. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: त्याला शिक्षा झाली तरी दाव्यातला पुरावा नव्याने द्यावाच लागतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे 'हो' आहे. दोषी ठरवताना न्यायालय दंडातून किंवा वेगळ्या आदेशाने भरपाई देऊ शकते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९५), आणि मृत्यूच्या प्रकरणात ती कोणाला द्यायची हे सांगताना ते कलम याच १८५५ च्या कायद्याकडे बोट दाखवते. पण त्यासाठी आधी दोषसिद्धी लागते, आणि ती रक्कम घराचा पूर्ण हिशेब मांडून ठरतेच असे नाही. मिळाली तर नंतरच्या दिवाणी दाव्यात ती वजा धरली जाते. यापेक्षा वेगळी अशी पीडित भरपाई योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असते, तिचा अर्ज आजच करावा.

गाव_एकच

वकीलसाहेबांनी लिहिले ते कायद्याने बरोबर असेल. पण मी अशाच एका प्रकरणात, आमच्या वाशीम जिल्ह्यातील गावात, मध्ये पडलेला माणूस आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. ज्याने तार लावली तो काही खुनी नव्हता. तीन वर्षे ओळीने डुकरांनी पीक लोळवले, पंचनाम्याला कोणी आले नाही, नुकसानीचे पैसे आले ते खताच्या एका गोणीइतके. त्याने तार लावली आणि शेजारचा पोरगा गेला. दावा लागला असता तर दोन्ही घरे वकिलांच्या पायऱ्या झिजवत बसली असती. आम्ही चार माणसांनी बसून रक्कम ठरवली, मुलाच्या बापाच्या हाती दिली आणि आज ती घरे एकमेकांच्या लग्नाला जातात. धागाकर्त्यांनी तीन लाखांचा निरोप सरळ धुडकावू नये.

तालुका_वकील

आपण केलेत ते सद्भावनेने केलेत याबद्दल शंका नाही. पण दोन गोष्टी धागाकर्त्यांना ठाऊक असाव्यात.

एक, कलम १०५ किंवा निष्काळजीपणाने मृत्यूचे कलम १०६, दोन्ही गुन्हे पक्षकारांनी आपसात मिटवण्याजोगे नाहीत. स्टॅम्पपेपरवर दोन्ही घरांनी सह्या केल्या तरी सरकारचा खटला तसाच उभा राहतो. मग त्या कागदाचा उपयोग कशाला होतो? बहुधा साक्षीत "मला काही माहीत नाही" असे म्हणवून घ्यायला. असे पैसे साक्षीचे असतात, नुकसानीचे नव्हेत, आणि खोटी साक्ष हा आणखी एक गुन्हा आहे.

दोन, त्या कागदात "यापुढे आमची कसलीही मागणी राहिली नाही" असे एक वाक्य हमखास असते. दिवाणी दाव्यात तेच वाक्य आपल्यापुढे ठेवले जाते. दिवाणी हक्काची तडजोड करायला काहीच हरकत नाही, ती चांगलीच गोष्ट आहे. पण ती दावा लावून लोकअदालतीत करावी. अज्ञान (अल्पवयीन) मुलांच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि त्यामुळे मुलांचा वाटा बहुधा त्यांच्या नावावर बँकेत राहतो. चावडीवरच्या तडजोडीत तो कोणाच्या खिशात जातो, हे गाव_एकच यांनी पाहिलेच असेल.

गाव_एकच

पाहिले आहे. आमच्या प्रकरणात बापाने त्या पैशात ट्रॅक्टरचा हप्ता भरला आणि सून माहेरी गेली. हे मी आधी लिहायला हवे होते.

पैनगंगाकाठ

माझ्या थोरल्या भावाला ट्रकने उडवले, तो अविवाहित होता. तेव्हा मोटार अपघात न्यायाधिकरणाने भाऊ म्हणून माझा अर्ज घेतला होता. मग इथे भावाला हक्क नाही असे कसे?

तालुका_वकील

मोटार वाहन कायद्यात 'कायदेशीर प्रतिनिधी' असा रुंद शब्द आहे, आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात भावांनाही त्यात धरले. तो रस्ताच वेगळा आहे. तिथे न्यायाधिकरण आहे, बहुतेक वेळा समोर विमा कंपनी असते, आणि चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी ५ लाख रुपये मागण्याची सोयही (कलम १६४) आहे. न्यायाधिकरणापुढील भरपाईच्या अर्जाला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण वाचणाऱ्यांनी सहा महिने हीच मुदत समजून चालावे. कुंपणातल्या करंटला यातले काहीच लागू नाही.

निवृत्त_शिरस्तेदार

रकमेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आयुष्यभर न्यायालयाच्या कचेरीत असे हिशेब टंकताना पाहिले आहेत. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांतली पद्धत मोटार अपघातांची आहे, पण दिवाणी न्यायालयेही मार्गदर्शक म्हणून तिचा आधार घेतात.

समजा भावाची शेती आणि मजुरी मिळून महिन्याची कमाई १२,००० रुपये सिद्ध झाली. वर्षाचे १,४४,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की २,०१,६००. मागे पाच अवलंबून माणसे आहेत, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा केला की उरले १,५१,२००. ३६ ते ४० वयासाठी गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा) १५, म्हणजे २२,६८,०००. अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंच्या ठरावीक छोट्या रकमा यात मिळवायच्या. पुढे आलेल्या तीन लाखांशी ही रक्कम ताडून पाहावी.

सगळी मेख मात्र 'सिद्ध झाली' या दोन शब्दांत आहे. आपल्या माणसांकडे पगारपत्रक नसते. सातबारा, कापूस विकल्याच्या पट्ट्या, बाजार समितीच्या पावत्या, पीककर्जाचे खाते, रोजगार हमीचे जॉबकार्ड, जे असेल ते आताच एका पिशवीत गोळा करावे. मृत व्यक्ती घरकाम करणारी बाई असती तरी हिशेब शून्य होत नाही. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीसंबंधी लता वाधवा प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले होते. त्या काळच्या मानानेही ते कमीच वाटते, पण निदान शून्य नव्हते.

कापूसकोंडी

आधी चुकीचे लिहिले, ते मागे घेतो. एक शंका मात्र आहे. शेजारी म्हणेल की हा रात्री माझ्या तारेपर्यंत आलाच कशाला. त्याच्या वावरात पाय टाकला असेल तर मग?

तालुका_वकील

हा बचाव हमखास येतो. बिहारमध्ये एकाने आपल्या शौचकुपाकडे शेजाऱ्यांनी येऊ नये म्हणून वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात वीज सोडली होती आणि तिला लागून शेजारीण मेली. चेरुबिन ग्रेगरी या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आगंतुकाला अडवायचा हक्क असला तरी त्याला मारणारा सापळा लावायचा हक्क कोणालाच नाही. शिक्षा कायम राहिली. दिवाणी दाव्यात मृताचीही काही चूक होती असे म्हणून रक्कम काही अंशी कमी करण्याचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणूनच चपला कुठे पडल्या होत्या आणि तार धुऱ्यापासून किती फुटांवर होती, हे घटनास्थळ पंचनाम्यात आले आहे का, ते आताच पाहावे. आले नसेल तर सकाळी तिथे असलेल्या माणसांची साक्ष दाव्यात द्यावी लागेल.

आकड्यामुळे वीज कंपनीचा प्रश्नही येतो. जबलपूरच्या एका प्रकरणात (शैलकुमारी, २००२) पावसाच्या रात्री रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवरून सायकल गेली आणि कामावरून परतणारा कामगार मेला. कोणीतरी वीज चोरण्यासाठी तार ओढली होती, हा वीज मंडळाचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही, कारण एवढी धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याने अशा चोरीविरुद्धही काळजी घ्यायला हवी. आपल्या प्रकरणात तार खासगी वावरात होती, हा फरक आहे, त्यामुळे यश येईलच असे मी म्हणणार नाही. मात्र विद्युत निरीक्षकाच्या चौकशी अहवालाची नक्कल आधी मागवावी आणि त्या ठिकाणच्या आकड्यांबद्दल पूर्वी तक्रारी झाल्या होत्या का ते शोधावे. तसे काही निघाले तर कंपनीला प्रतिवादी करावे.

फवारणी

थोडे बाजूचे, पण आपल्याच जिल्ह्यातले. २०१७ मध्ये यवतमाळात कीटकनाशकाच्या फवारणीने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी 'गुन्हा कोणावर' हाच प्रश्न होता. २०२० मध्ये मात्र बाधित झालेला एक शेतकरी आणि दोन मृतांच्या विधवा थेट स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात दिवाणी दावा करत्या झाल्या. तुरुंगात कोण जाईल ही गोष्ट निराळी आणि नुकसान कोण भरील ही निराळी, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगले.

निवृत्त_शिरस्तेदार

एक कडू गोष्टही सांगून ठेवतो. हुकूमनामा मिळणे आणि पैसे मिळणे यांत बराच पल्ला आहे. ट्रकच्या मागे विमा कंपनी असते, कुंपणाच्या मागे फक्त शेजाऱ्याचा सातबारा. हुकूमनाम्यानंतर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावावी लागते. शेतकऱ्याचे राहते घर, औते, आवश्यक तेवढी जनावरे आणि बियाणे जप्त होत नाहीत, जमीन होऊ शकते. त्यामुळे असे लोक दाव्याची कुणकुण लागताच जमीन मुलाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर करतात.

धुऱ्यावरचा

शिरस्तेदार साहेबांनी मनातले ओळखले. शेजाऱ्याने मागच्या महिन्यात मुलाच्या नावे बक्षीसपत्र करण्यासाठी तलाठ्याकडून उतारे काढले, अशी पक्की खबर आहे. दुसरे, वहिनींकडे वकिलाची फी आणि कोर्ट फी भरण्याइतके पैसे नाहीत. शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख मिळाले होते, ते दवाखान्याच्या जुन्या देण्यात आणि मुलांच्या शाळेत गेले.

तालुका_वकील

दावा दाखल करतानाच निकालपूर्व जप्तीचा अर्ज जोडावा (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ३८, नियम ५). मिळकत हलवण्याचा प्रयत्न चालू आहे याला आधार द्यावा लागतो, म्हणून त्या उताऱ्यांची तारीख आणि कोणी मागितले ते लिहून ठेवावे. बक्षीसपत्र होऊन गेले तरी ते देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केले असे दाखवून रद्द मागता येते. मात्र ते झाल्यानंतर धावण्यापेक्षा आधी अडवणे स्वस्त पडते.

फीची चिंता करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. कोर्ट फीचे साहाय्य तिथूनच मागता येते, आणि नाहीच जमले तर निर्धन म्हणून दावा करण्याची परवानगी आदेश ३३ खाली मागावी. योजनेचे दोन लाख कोणाच्या चुकीवर अवलंबून नव्हते, त्यामुळे ते मिळाले म्हणून दाव्याचा हक्क गेला, असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

धुऱ्यावरचा

काल वहिनी, काका आणि मी तालुक्याला जाऊन आलो. समितीने वकील नेमून दिले, वहिनींनी वकीलपत्रावर सही केली, काकांनी अंगठा दिला. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि दोषारोपपत्राच्या नकलांचे अर्ज सत्र न्यायालयात दिले आहेत. सातबारा आणि कापसाच्या पट्ट्या मिळाल्या, बाजार समितीच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या. तीन लाखांच्या निरोपाला, जे बोलायचे ते लोकअदालतीत बोलू, असे उत्तर पाठवले.

एक अडचण निघाली. शवविच्छेदन अहवालात मृत्यू १४ तारखेच्या रात्रीचा धरला आहे, पण ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर १५ तारीख आहे, कारण आम्हाला तो सकाळी सापडला. कोणती धरायची?

तालुका_वकील

१४ धरावी, आणि दावा त्याच्याही महिनाभर आधी दाखल व्हावा. दाखल्यातील दुरुस्तीचा अर्ज ग्रामसेवकाकडे आजच द्यावा आणि त्याची पोच सांभाळून ठेवावी. उलटतपासणीत हा एक दिवसाचा फरक विचारला जाईल, तेव्हा वहिनींनी जे घडले तेच सांगावे: रात्री गेला, सकाळी सापडला.